दुसऱ्या कंपनीची जुनी गाडी तपासताना: स्टिअरिंगची झीज आणि स्टिअरिंगचं डिझाइन वेगळं कसं काढायचं

दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या हाती लागलेली एक जर्मन क्युबेलवॅगन (फोक्सवॅगनची लष्करी गाडी) इंग्लंडच्या हंबर कंपनीतल्या इंजिनिअरांनी सुटी करून तपासली. काही बारकावे सोडले तर या रचनेत विशेष चमक नाही, ब्रिटिश उद्योगाने नक्कल करावी असं त्यात फारसं नाही, असा त्यांच्या अहवालाचा सूर होता. त्याच मूळ रचनेची फोक्सवॅगन बीटल २००३ पर्यंत बनत राहिली आणि दोन कोटींहून जास्त खपली. त्या निकालामागे कारणं बरीच असतील, पण तपासणाऱ्यांसमोर युद्धात राबलेला नमुना होता, हेही विसरता येत नाही.

जुन्या गाडीचं स्टिअरिंग तपासताना हाच धोका सगळ्यात मोठा. हातात येते ती एक विशिष्ट गाडी: झिजलेली, दहा गॅरेजमधून फिरलेली, चुकीचे टायर घातलेली. निकाल मात्र द्यायचा असतो तिच्या मूळ रचनेवर. म्हणून खालची सगळी पद्धत एकाच हेतूने बांधली आहे: प्रत्येक दोष डिझाइनचा, झिजेचा की दुरुस्तीचा, हे आकड्यांनी वेगळं करणं.

उदाहरणासाठी आपल्या ओळखीच्या दोन प्रतिस्पर्धी गाड्या घेऊ. कुर्ल्याच्या प्रीमियरची पद्मिनी, म्हणजे मूळची फियाट ११००, आणि उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बेसेडर, म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज ३. पद्मिनीत वर्म (स्क्रूसारखे आटे असलेला गियर) असलेली स्टिअरिंग पेटी, पुढे ड्रॉप आर्म (पेटीच्या शाफ्टवर बसणारा आर्म) आणि सांध्यांची साखळी. अ‍ॅम्बेसेडरमध्ये रॅक अँड पिनियन (दातेरी पट्टी आणि तिला सरकवणारं छोटं दातेरी चाक) आणि पुढच्या सस्पेन्शनला टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारा दांडा). एकाच काळातल्या, एकाच रस्त्यांवर धावलेल्या दोन वेगळ्या विचारांच्या गाड्या असल्याने तुलनेला यांच्याइतकी चांगली जोडी क्वचित मिळते.

हत्यारं आणि माणसं

माणसं तीन हवीत: एक स्टिअरिंगवर, एक गाडीखाली, एक वहीवर. वही सांभाळणाऱ्याने स्वतः पाना हातात घेऊ नये. दोन्ही कामं एकाकडे आली की नोंदी मागे पडतात.

सामान असं: ०.०१ मिमी वाचणारा डायल गेज आणि त्याचा चुंबकी स्टँड, ० ते १० किलोचा स्प्रिंग वजनकाटा, टायर प्रेशर गेज, ओळंबा, न ताणला जाणारा दोरा, स्टीलची टेप, कॅम्बर गेज (चाकाचा आत-बाहेरचा कल मोजणारा), मास्किंग टेप, खडू, चार मजबूत स्टँड. चाकांखाली फिरत्या प्लेट नसतील तर दोन-दोन गुळगुळीत पत्रे घ्या आणि मधे ग्रीस लावा. प्रत्येक पत्रा साधारण ३०० मिमी चौरस असावा. फरशीची पातळी पाण्याच्या नळीने तपासा. चार चाकांच्या जागांमध्ये २-३ मिमीहून जास्त फरक असेल तर पातळ पत्रे घालून तो भरून काढा. ही पायरी गाळली तर पुढचे कॅम्बरचे आकडे गाडीबरोबर फरशीचाही उतार मोजत बसतात.

पहिली फेरी: काहीही न दुरुस्त करता

गाडी आली की हात शिवशिवतात, समोर सैल दिसलेला नट आवळावासा वाटतो. आवळू नका. आधी आहे त्या स्थितीत सगळं मोजून घ्या, कारण ही माहिती पुन्हा मिळत नाही.

टायरपासून सुरुवात करा. मूळ माप अ‍ॅम्बेसेडरला ५.९०-१५ आणि पद्मिनीला ५.२०-१४, दोन्ही क्रॉस-प्लाय, म्हणजे आतले धागे तिरके असलेले जुन्या पद्धतीचे टायर. आज बहुतेक गाड्यांवर रेडियल सापडतात. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २००० नंतरच्या टायरवर पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांचा कडक टायर स्टिअरिंगचा हलकेपणा, वळणं आणि वळणानंतर आपोआप परत येणं या तिन्हींत खोटं बोलतो. थंड टायरमधली हवा, झिजेचा आकार, आतली कड आणि बाहेरची कड, सगळं लिहून ठेवा. टाकी भरून पुढच्या आणि मागच्या धुऱ्याचं वजन गाड्या तोलणाऱ्या मोठ्या काट्यावर करून घ्या. चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजा. अ‍ॅम्बेसेडरचा एक टॉर्शन बार थकलेला असला तर डाव्या-उजव्या उंचीतला फरक इथेच दिसेल, आणि पुढे भूमितीत जे वाकडं दिसेल त्याचं निम्मं उत्तर याच नोंदीत असेल.

खेळ कुठून येतो

पुढची चाकं सरळ, गाडी जमिनीवर, इंजिन बंद. स्टिअरिंगच्या रिमवर मास्किंग टेप लावा. एका बोटाने हळू फिरवा. पुढचं चाक हलायला लागलं की खूण. उलट दिशेने पुन्हा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे एकूण खेळ, सगळ्या सांध्यांचा मिळून सैलपणा. ४०० मिमी व्यासाच्या रिमवर १० मिमी म्हणजे साधारण २.९ अंश. पेटीवाल्या जुन्या गाडीत २०-२५ मिमीपर्यंत सहसा चालवून घेतात. रॅकमध्ये त्याच्या निम्म्यालाही शंका घ्यावी. नेमकी मर्यादा त्या गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

एकूण खेळ कळून फारसं काही साधत नाही. तो वाटून दाखवता आला पाहिजे. एकजण स्टिअरिंग थोडं-थोडं डावी-उजवीकडे हलवत राहतो, दुसरा खाली प्रत्येक सांध्यावर बोट ठेवतो, मग तिथेच डायल गेज लावतो. क्रम चाकाकडून वर: व्हील बेअरिंग, किंग पिन किंवा ट्रनियन (ज्यावर पुढचं चाक वळतं तो सांधा), टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा), आयडलर आर्मचा (साखळीचं दुसरं टोक धरणाऱ्या आर्मचा) बुश, ड्रॉप आर्म, पेटीचा शाफ्ट, पेटीचे बोल्ट, कॉलमचे बुश. पेटी चासीला धरणारे बोल्ट सैल असणं ही फार वेळा निसटणारी जागा आहे. पेटी शाबूत असते आणि बोल्टपाशी एक मिमी हलते.

चाक उचलून घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवा. मग दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग सैल. तसाच राहिला तर किंग पिन किंवा त्याचे बुश. ३ आणि ९ ला धरून हलवल्यावर जास्तीचा जो खेळ येतो तो टाय रॉडच्या साखळीचा.

प्रत्येक सांध्याचा आकडा रिमवरच्या मिलिमीटरमध्ये बदलून लिहा, तेव्हाच त्यांची तुलना होते. समजा ड्रॉप आर्म १५० मिमी लांब, पेटीचं गुणोत्तर १६ आणि रिमची त्रिज्या २०० मिमी. ड्रॉप आर्मच्या टोकाशी ०.३ मिमी खेळ सापडला, तर ०.३ भागिले १५०, गुणिले १६, गुणिले २००, म्हणजे रिमवर ६.४ मिमी. तोच ०.३ मिमी कॉलमच्या बुशमध्ये असता तर हाताला जेमतेम कळला असता. खेळ कुठे आहे यावर त्याची किंमत ठरते.

या टप्प्यावर गॅरेजमधली एक सवय लक्षात घ्या, कारण जुन्या पेटीवाल्या गाडीत तिचे अवशेष हमखास सापडतात. खेळ टाय रॉड एंडमध्ये असतो आणि मिस्त्री पेटीवरचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू आवळतो. वर्मची पेटी अशी बनवलेली असते की सरळ जाताना दाते सगळ्यात घट्ट बसावेत आणि दोन्ही टोकांकडे थोडे सैल व्हावेत. झीज मधल्या भागात जास्त होते, कारण गाडी बहुतेक वेळ सरळच चालते. मधे झिजलेली पेटी आवळून मधला खेळ काढला की टोकांना ती जाम होते. मग वळणानंतर स्टिअरिंग आपणहून परत येत नाही, ड्रायव्हर म्हणतो जड आहे, आणि तपासणारा लिहितो की डिझाइन जड आहे. रॅकमध्येही हेच होतं: मधला भाग झिजलेला असताना खालचा दाबपॅड आवळला तर टोकांना रॅक अडकतो.

म्हणून स्क्रूला हात लावण्याआधी ड्रॉप आर्म पेटीपासून सुटा करा आणि पेटी एकटी फिरवून बघा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे होतात ते मोजा, निम्म्यावर आणा. हा पेटीचा खरा मध्य. गाडी सरळ चालताना पेटी याच जागी असायला हवी. डाव्या-उजव्या टाय रॉडची लांबी चुकीची ठेवून आणि स्टिअरिंग व्हील स्प्लाइनवर (शाफ्टवरच्या खाचांवर) सरकवून सरळ दाखवलेलं असेल, तर गाडी सरळ जाताना पेटी तिच्या सैल भागात काम करते. असा दोष कितीही आवळून जात नाही.

पेटीतलं तेलही बघा. अशा पेट्यांना सहसा एसएई ९० चं गियर ऑइल लागतं. सील गळतो म्हणून आत ग्रीस भरलेलं सापडलं तर वर्म उघडून बघायलाच हवा: ग्रीस एकदा बाजूला फेकलं गेलं की परत वाहून येत नाही, आणि वर्म कोरडा चालतो.

भूमिती

टो म्हणजे पुढची दोन चाकं समोरच्या बाजूला एकमेकांकडे किती वळलेली आहेत ते. तो मोजताना दोन चाकांच्या रिममधलं पुढच्या आणि मागच्या कडेचं अंतर एकदा घ्या, मग गाडी पुढे अर्धा फेरा ढकलून पुन्हा घ्या आणि सरासरी काढा. रिम वाकडी असली तर तिची चूक अशी कटते. गाडी नेहमी पुढेच ढकला. मागे ढकलल्यावर सांधे उलट बाजूला बसतात आणि आकडा बदलतो.

कास्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे कल) मोजायला चाक आधी २० अंश आत आणि मग २० अंश बाहेर वळवा, दोन्ही ठिकाणी कॅम्बर वाचा, फरकाला १.४६ ने गुणा. फरक १.४ अंश आला तर कास्टर साधारण २ अंश. डाव्या-उजव्या बाजूंचा फरक इथे खूप बोलतो. दोन्हीकडे कास्टर कमी असेल तर ते कदाचित मूळ डिझाइन असेल. एकाच बाजूला कमी असेल तर आर्म वाकलेला, बुश बसलेला किंवा शिम (अंतर जुळवणारा पातळ पत्रा) चुकलेली. आरशात बघितल्यासारखी समान चूक डिझाइनची, एकतर्फी चूक अपघाताची किंवा झिजेची: हा नियम शंभर टक्के चालत नाही, पण सुरुवात इथून करावी. दोन्ही बाजूंचे बुश सारखेच थकलेले असले तर तो फसवतो, म्हणून बुश बघितल्याशिवाय त्यावर सही करू नका.

गुणोत्तर आणि आतलं-बाहेरचं चाक

चाकं प्लेटांवर ठेवून स्टिअरिंग ४५-४५ अंशांनी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरवा, प्रत्येक ठिकाणी दोन्ही चाकांचा कोन लिहा. मग उलट येताना पुन्हा. दोन्ही रेषा आलेखावर काढा. उतार म्हणजे गुणोत्तर. जाताना आणि येतानाच्या रेषांमधलं अंतर म्हणजे खेळ आणि घर्षण मिळून. मधे हे अंतर मोठं आणि टोकांना लहान असेल तर झीज. सगळीकडे सारखं असेल तर सांधे.

वळणावर आतलं चाक जास्त वळायला हवं हे सगळ्यांना माहीत असतं, किती ते गणितावरून घ्या. बाहेरच्या कोनाचा कोटँजंट वजा आतल्या कोनाचा कोटँजंट बरोबर किंग पिनमधलं अंतर भागिले व्हीलबेस. पद्मिनीचा व्हीलबेस २३४० मिमी. किंग पिनमधलं अंतर समजा ११०० मिमी भरलं, तर आतलं चाक २० अंश असताना बाहेरचं आदर्श १७.३ अंश येतं. मोजलेला कोन १९ निघाला तर लगेच डिझाइनला दोष देऊ नका: आधी स्टिअरिंग आर्म वाकलेत का आणि टो किती आहे ते बघा. जास्त टो-इन हा आकडा सहज बिघडवतो.

जडपणाचे तीन भाग

ही चाचणी सोपी आहे आणि सगळ्यात जास्त शिकवणारी. स्प्रिंग वजनकाट्याचा हुक रिमला अडकवा, रिमच्या स्पर्शरेषेत ओढा, सावकाश. तीन वेळा:

१. पुढची चाकं हवेत: फक्त सांध्यांचं, पेटीचं आणि कॉलमचं घर्षण.
२. चाकं फिरत्या प्लेटांवर: त्यात गाडीच्या वजनाचा किंग पिनवरचा भार आणि गाडी किंचित उचलण्याचं काम मिळतं.
३. चाकं कोरड्या काँक्रीटवर: त्यात टायर घासण्याचा विरोध मिळतो.

एकातून दुसरा वजा करा. चाकं हवेत असतानाच काटा एक किलोच्या वर गेला तर डिझाइनविषयी काही बोलू नका. टाय रॉड सोडवा आणि पेटी, डावा किंग पिन, उजवा किंग पिन वेगवेगळे ओढून बघा. वर्षानुवर्षं ग्रीस न पोचलेला किंग पिन बहुतेक वेळा इथेच सापडतो. तिसरा आकडा दुसऱ्यापेक्षा फार मोठा असेल तर टायर, हवा आणि रुंद रिम. बाहेर सरकवलेल्या रुंद रिमवर ऑक्सफर्डच्या डिझाइनरचा काहीच इलाज नव्हता. वळणबल हवं असेल तर: २०० मिमी त्रिज्येवर ५ किलोची ओढ म्हणजे साधारण ९.८ न्यूटन-मीटर.

खड्ड्यात चाक आपोआप वळतं का

सस्पेन्शन वर-खाली होताना टो किती बदलतो हे मोजायला वेळ लागतो, पण रचनेतला विचार इथे उघडा पडतो. कॉइल स्प्रिंग काढायची तर योग्य कंप्रेसरनेच. अडकलेली स्प्रिंग सुटून माणूस कायमचा जायबंदी होऊ शकतो. टॉर्शन बार सोडण्याआधी त्याची स्प्लाइन आणि आर्म यांवर जोडखूण करा, नाहीतर गाडीची उंची परत जुळवताना दिवस जातो.

हबला एक सपाट फळी बांधा, तिच्यासमोर ५०० मिमी अंतरावर दोन डायल गेज. स्टिअरिंग मध्यावर बांधून टाका. खालून जॅकने १० मिमीच्या टप्प्यांनी ६० मिमी वर, ६० मिमी खाली. दोन गेजमधला फरक आलेखावर काढा. रेषा सरळ पण तिरकी आली तर टाय रॉडच्या टोकाची उंची चुकली आहे; रेषा वाकडी आली तर टाय रॉडची लांबी सस्पेन्शनच्या आर्मशी जुळत नाही. एका बाजूची रेषा तिरकी आणि दुसरी ठीक असेल तर रॅकचा किंवा आयडलर आर्मचा ब्रॅकेट एका बाजूने वर-खाली बसवलेला आहे. रॅक काढून परत बसवताना खालचे पातळ पत्रे इकडचे तिकडे जातात, त्याचा परिणाम नेमका हा.

रस्त्यावर

आपल्या कंपनीची गाडीही त्याच दिवशी, त्याच रस्त्यावर, शक्य तर त्याच प्रकारच्या टायरवर चालवा. ड्रायव्हर दोन घ्या. आकडे न दाखवता त्यांना आधी स्वतःचं मत लिहायला लावा. रोज स्वतःच्या गाडीची सवय असलेला हात परक्या स्टिअरिंगला अन्याय करतो, आणि हा अन्याय त्याला जाणवतही नाही.

- सरळ रस्त्यावर ६० किमी वेगाने, रिम हलक्या हाताने धरून, दोन्हीकडे दहा-दहा अंश. गाडी कोणत्या अंशाला प्रतिसाद देते?
- २० किमी वेगाने वळण घेऊन हात सोडा. स्टिअरिंग किती अंशांवर येऊन थांबतं? डावीकडून आणि उजवीकडून वेगळं लिहा.
- मोकळ्या आवारात १५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखा. २० किमी वेगाला आडवं त्वरण साधारण ०.२१ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण), २५ ला ०.३३ जी. वेग वाढवताना स्टिअरिंग जास्त फिरवावं लागतं की कमी, हे दर टप्प्याला नोंदवा. क्रॉस-प्लाय टायरवर २५ च्या पुढे जाण्याची गरज नाही.
- ५० ते ७० किमीच्या दरम्यान स्टिअरिंगची रिम थरथरली तर आधी चाकाचं बॅलन्स, मग चाकाच्या रिमचा वाकडेपणा, मग किंग पिन.

खराब रस्ता मुद्दाम घ्या. वर्मची पेटी चाकाचा धक्का उलट हातापर्यंत कमी पोचवते, कारण उलट दिशेने तिची कार्यक्षमता कमी असते. रॅक धक्का पोचवतो, पण रस्त्याची खबरही पोचवतो, आणि त्यात झिजायला सांधे कमी. खडीच्या रस्त्यावर पद्मिनी शांत वाटली आणि अ‍ॅम्बेसेडरने हात हलवले, तर त्यात चूक कोणाचीच नाही. दोन कारखान्यांनी दोन वेगळ्या गोष्टींना महत्त्व दिलं होतं. अहवालात हे वाक्य आकड्यांइतक्याच ठळकपणे यायला हवं.

दुसरी फेरी

आता दुरुस्ती. एका वेळी एकच गोष्ट बदला: आधी टायर आणि हवा, मग बेअरिंग आणि किंग पिन, मग टाय रॉड एंड, शेवटी पेटी किंवा रॅक. प्रत्येक टप्प्यानंतर खेळ, जडपणा आणि परत येणं, हे तीन आकडे पुन्हा घ्या. सगळं एकदम बदललं तर गाडी सुधारते, पण कशामुळे सुधारली ते कधीच कळत नाही.

टाय रॉड एंड सोडवताना आट्यांवर हातोडा मारू नका. नट आट्यांच्या टोकाशी आणून ठेवा आणि ज्या छिद्रात टेपर बसलाय त्याच्या दोन्ही बाजूंना दोन हातोडे एकाच वेळी मारा. टेपर सुटतो, आटे वाचतात. ड्रॉप आर्म ओढण्याआधी शाफ्टवर खूण करा. पेटी उघडली की वर्मवरचे खड्डे कोणत्या भागात आहेत त्याचे फोटो घ्या. सुटे भाग वजन करून ठेवा, सांधे मोजा, यंत्रकाम झालेले पृष्ठभाग मोजा. प्रतिस्पर्ध्याने पैसे कुठे घातले आणि कुठे वाचवले ते याच यादीवरून कळतं.

अंतिम तक्त्यात प्रत्येक दोषासमोर चारपैकी एक शेरा हवा: झीज, चुकीची दुरुस्ती, मूळ रचना, अनिर्णित. दुसऱ्या फेरीनंतरही जो दोष दोन्ही बाजूंना सारखा उरतो तोच मूळ रचनेच्या रकान्यात जातो. हा रकाना साधारणपणे सुरुवातीच्या अपेक्षेपेक्षा बराच रिकामा निघतो, आणि तो ओढूनताणून भरायचा नसतो. त्याला जोडून त्या काळाची अट लिहा: क्रॉस-प्लाय टायर, तेव्हाचे वेग, तेव्हाचे रस्ते.

गाडी परत जोडताना सगळ्या स्प्लिट पिना नव्या घाला, जुनी सरळ करून वापरू नका. काढलेले मूळ भाग चिठ्ठी लावून पिशवीत मालकाला परत द्या. पहिल्या ५० किमीनंतर टाय रॉडचे लॉक नट, पेटीचे किंवा रॅकचे बोल्ट आणि टो पुन्हा तपासा, कारण नवे बुश बसताना टो थोडा हलतोच.